आठ घातले, सव्वातीन दिसले!

अहो, ऐकलंत का? वरच्या आळीतल्या मास्तरांच्या कॉम्प्युटरचं? नाही ऐकलंत? कमाल झाली बाई! अख्ख्या पाचबत्ती नाक्यावर तोच विषय चाललाय आणि तुम्ही आपल्या करवंदं निवडत बसलाय. या, जरा कुंपणाजवळ सरा. मोठ्यानं बोलायची सोय नाही. मास्तरीणबाई या वेळेला पापड उलटायला गच्चीवर येतात, आणि त्यांचे कान कसे आहेत ते मी वेगळं सांगायला नको.

तर तो कॉम्प्युटर. तोच हो, ओटीवरचा, ज्याच्यावर त्यांची सून लोकांचे फॉर्म भरते. कुणाचा सातबारा, कुणाचा जातीचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती. जून लागला की रांग पार रस्त्यापर्यंत, विक्रमगडपासूनची माणसं येतात. आणि मशीन कसं? क्रोममध्ये चार पानं उघडली की संपलं. स्क्रीन पांढरी आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, सर्व्हर डाऊन आहे का?" आणि ती बिचारी मान डोलावते. सर्व्हर ठणठणीत असतो हो! झोपलेलं असतं ते घरचं मशीन. पण सासऱ्यांच्या कॉम्प्युटरला नावं कोण ठेवणार...

मग आले जावई. नाशिकचे. तुम्ही पाहिलेत ना दसऱ्याला, ते गॉगलवाले? त्यांनी एकदा माऊस हातात घेतला, दोन मिनिटं फिरवला आणि म्हणाले, "बाबा, रॅम कमी आहे. चारची आठ करा, विमानासारखं पळेल." झालं. जावयाचा शब्द! मास्तर दुसऱ्या दिवशी मोखाडा-त्र्यंबक मार्गे एसटीनं नाशकात. दुकानाचं नाव कशाला घेऊ, आपल्याला काय करायचंय? दुकानदारानं म्हणे फक्त एवढंच विचारलं, "डीडीआर थ्री की फोर?" मास्तरांनी जुनी स्टिक रुमालातून काढून दाखवली. त्यानं तशाच चार-चार जीबीच्या दोन दिल्या, पैसे मोजून घेतले. विंडोज कोणती, ते काही विचारलं नाही. त्याचं काय जातंय!

आणि भाव तरी कसले! मास्तर आल्या आल्या ओटीवर बसून तेच सांगत होते. 2025 च्या शेवटी शेवटी मेमरी जी महागली ती महागलीच. एआयची मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतायत ना जगभर, ती सगळी मेमरी ओढून घेतायत. त्या मायक्रॉन कंपनीनं तर डिसेंबरात जाहीरच करून टाकलं, की आमचा क्रुशियल ब्रँड आता बंद, किरकोळ गिऱ्हाइकाला आम्ही विकणार नाही. मास्तर हे असं सांगत होते, जणू शेवटच्या दोन स्टिका त्यांनीच पटकावल्या.

तर काय सांगत होते... हां. संध्याकाळी डबा उघडला. दोन स्टिका बसल्या, टक्‌ टक्‌ आवाज झाला. मास्तरीणबाईंनी हळदकुंकू लावलं, मी स्वतः पाहिलं, कॅबिनेटला अजून लागलेलं आहे. मशीन चालू. आणि चहा येईपर्यंत सगळे बघतायत तर... काही फरकच नाही हो! चार पानं उघडली, पाचव्याला स्क्रीन पांढरी.

तेवढ्यात आली खालच्या आळीतली ती कॉलेजातली पोरगी. कॉम्प्युटर शिकते ना ती, आपल्या जव्हारच्याच कॉलेजात. आली होती विरजण मागायला. म्हणाली, "काका, मी बघू?" 'धिस पीसी'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. आणि थबकली. मग सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, इंग्रजीत होतं ते: इन्स्टॉल्ड रॅम 8 जीबी, आणि कंसात, 3.24 जीबी युजेबल.

अहो, मास्तरांचा चेहरा! दहावीच्या निकालाच्या दिवशी पोरांचे पडतात ना, अगदी तसा. पैसे आठाचे आणि वापरायला सव्वातीन! आणि गंमत म्हणजे जुन्या चारच्या वेळीही सव्वातीनच दिसत होते म्हणे, फक्त कुणी वाचलंच नव्हतं. मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे एक छदाम वाढला नाही?" पोरगी म्हणाली, "नाही काकू." मग जी शांतता पसरली...

आणि मग काय विचारता, प्रत्येक जण डॉक्टर! समोरचा झेरॉक्सवाला आला, म्हणाला स्टिक डुप्लिकेट असणार. कोपऱ्यावरचे मोबाइलवाले म्हणाले, काढा आणि सोनेरी टोकं खोडरबरानं घासा. आता ते अगदीच खोटं नाही हां, आपल्या पावसाळी हवेत टोकांवर मळ धरतो आणि मशीन नुसतं टूं टूं करत बसतं, तेव्हा खोडरबरच कामाला येतो. पण इथं मशीनला आठ दिसतच होते ना! आमच्या ह्यांनी तर कुठंसं ऐकलेलं सांगितलं, की एमएसकॉन्फिगमध्ये जा, तिथं 'मॅक्सिमम मेमरी' म्हणून खूण आहे, ती करा. पोरगी म्हणाली, "काका, ती खूण मेमरी वाढवायची नाहीच. प्रोग्राम तपासणाऱ्यांना मेमरी मुद्दाम कमी करून बघायची असते, त्यांच्यासाठी आहे ती." हे गप्प. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

जावयांना व्हिडिओ कॉल लावला. ते गॉगल न घालता वेगळेच दिसतात हो. म्हणाले, "बायोस अपडेट करा." पोरीनं फोन सरळ स्क्रीनसमोर धरला आणि खालची ओळ दाखवली: 32-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स64-बेस्ड प्रोसेसर. म्हणजे प्रोसेसर 64 चा आणि त्याच्यावर बसवलेली विंडोज 32 ची. जावई म्हणाले, "अच्छा... हां... नेटवर्क जातंय इकडे." आणि कट. मोखाड्याच्या घाटात नेटवर्क जातं हे मान्य, पण भर नाशकात?

मग त्या पोरीनं ओटीवर बसून जे सांगितलं ना वहिनी, मास्तर आयुष्यभर गणित शिकवत आले, पण तेसुद्धा वही घेऊन बसले. म्हणाली, रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो. 32-बिट म्हणजे पत्ता लिहायला बत्तीस घरं, प्रत्येक घरात शून्य नाहीतर एक. किती पत्ते होतील? मास्तरांनी दोनाचा बत्तिसावा घात मांडला. पान भरलं. 4,29,49,67,296. चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव! मोठ्यानं वाचताना मास्तर पुन्हा मास्तर झाले, जरा रंग आला चेहऱ्यावर. पण तेवढेच म्हणजे चार जीबी. त्यापुढं एक बाइटही नाही. आठ घाला नाहीतर सोळा घाला, पुढच्यांना पत्ताच नाही तर विंडोज त्यांना हाक कशी मारणार?

सूनबाईनं बरोबर पकडलं. "मग चार तरी दिसायला हवे होते, सव्वातीन का?" हुशार आहे हो ती, बोलत नाही एवढंच. तर पोरगी म्हणाली, ग्राफिक्स, नेटवर्कचं कार्ड, साउंड, बायोसची चिप, या सगळ्यांनाही पत्ते त्याच चार जीबीतूनच द्यावे लागतात. चाराच्या वरच्या टोकाला ते आधीच बसलेले असतात, उरेल ते रॅमला. म्हणून कुणाकडे साडेतीन दिसतात, कुणाकडे जेमतेम तीन. जेवढं ग्राफिक्स कार्ड मोठं, तेवढी रॅम कमी.

माझी नणंद आली होती मोखाड्याहून, दारात उभी राहून ऐकत होती. ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, "म्हणजे आमच्या वैतरणेसारखंच की! धरण आमच्या वेशीवर, पाणी मुंबईला, आणि आम्ही एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन टँकरची वाट बघतोय." एकदम टाळ्या! मास्तरसुद्धा हसले. त्या मोखाड्याच्या बायकांना कुणी काही शिकवायला नको बघा.

तर काय सांगत होते... मास्तर ते! हरतील कसे? म्हणाले, "पण मी तर विंडोज 10 केली होती, फुकट मिळाली तेव्हा." पोरगी म्हणाली, तिथंच तर सगळं आहे. 2015 च्या जुलैत विंडोज 7 वाल्यांना 10 फुकट वाटली, मान्य. पण ती वरच्यावर चढवली की 32 ची 32 च राहते आणि 64 ची 64. आतला आकडा बदलत नाही, नुसता रंग बदलतो. मास्तर इतकी वर्षं 10 च्या तोऱ्यात होते हो!

आमचे हे पुन्हा पुढं सरसावले. पंचायत समितीत होते ना, सुरुवातीच्या कॉम्प्युटरच्या काळात. म्हणाले, "आमच्या वेळी तर 640 केबीच्या वर डॉस जाऊ द्यायचा नाही." आणि या वेळी मात्र पोरगी म्हणाली, "अगदी बरोबर, काका!" 1981 च्या आयबीएमच्या पीसीतल्या प्रोसेसरला वीसच घरांचा पत्ता होता, म्हणून सगळं मिळून एक एमबी. त्यातले 640 केबी प्रोग्रामना आणि वरचे स्क्रीनला, बायोसला. म्हणजे तोच खेळ, फक्त आकडे लहान. ह्यांची छाती अशी फुगली, घरी येईपर्यंत तेच.

आणि आता खरी गंमत ऐका. मास्तर चिडून म्हणाले, "मग या कंपन्यांना पत्त्याची घरं वाढवता येत नव्हती का?" येत होती हो! 1995 सालच्या पेंटियम प्रो नावाच्या प्रोसेसरमध्ये 36 घरं आली होती, त्याला पीएई म्हणतात. म्हणजे 64 जीबीपर्यंत. मायक्रोसॉफ्टनं मोठ्या सर्व्हरच्या 32-बिट विंडोजला ती सवलत दिलीसुद्धा. घरगुती विंडोजला मात्र चारावर कुलूप. का? तर म्हणे, स्वस्तातल्या कार्डांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी चाराच्या वर पत्ता असू शकतो हे गृहीतच धरलं नव्हतं, मशीनं कोलमडायला लागली. मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविच यांनी 2008 मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. लिनक्सवाल्यांनी मात्र 32 मध्येही चाराच्या वरची रॅम वापरू दिली. म्हणजे बघा, पाप कुणाचं आणि भोगतंय कोण... आमचे जव्हारचे मास्तर!

खोडाळ्याच्या त्यांच्या भावाचं तर याहून भारी. त्यांनी मास्तरांनी रॅम आणल्याचं ऐकून हुरळून जाऊन स्वतःच्या जुन्या मशीनला स्टिक मागवली. आली डीडीआर थ्री, बोर्ड डीडीआर टूचा. दोन्हींना पिना 240 च, दिसायला जुळ्या बहिणी, पण मधली खाच वेगळ्या जागी. हे गृहस्थ दाबून बसवायला निघाले होते! बायकोनं हात धरला म्हणून बोर्ड वाचला. शिवाय त्यांचा बोर्ड जी31 चिपसेटचा. तो चार जीबीच्या वर घेतच नाही, विंडोज 64 ची टाका नाहीतर 128 ची. मास्तरांचा एच61, तो सोळापर्यंत घेतो. म्हणजे मास्तरांचं नशीब त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. हे कळल्यावर मास्तरांना जो दिलासा मिळाला ना... भावाचं वाईट झालं म्हणून नव्हे हो, तसं नाही, पण... तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

बरं, मग उपाय काय? 64-बिटची विंडोज नव्यानं टाकायची. पैसे लागत नाहीत, आवृत्ती तीच ठेवली की जुनं लायसन्स चालतं. पण वरच्यावर चढत नाही. 32 वरून 64 ला जायला रस्ता एकच, पाटी पुसायची आणि पहिल्यापासून लिहायची. हे ऐकलं आणि सगळ्यांचे चेहरे पुन्हा उतरले. कारण सी ड्राइव्हमध्ये काय काय होतं ऐका: मास्तरांनी जमवलेले बोहाड्याचे फोटो, सगळी सोंगं, मुखवटे, जुने निगेटिव्ह स्कॅन करून घेतलेले. आणि ते ठेवलेले कुठं? डेस्कटॉपवर! लोकांना वाटतं डेस्कटॉप म्हणजे वेगळी जागा. ती सीचीच खोली हो. फॉरमॅट मारला असता तर गेलं होतं सगळं. पोरीनं आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं, दोनदा उघडून बघितलं, मग हात लावला.

तेवढ्यात सूनबाई उठली. म्हणाली, "आणि माझा प्रिंटर?" तो जुना काळा प्रिंटर, त्याला 64 चा ड्रायव्हर कंपनीनं काढलेलाच नाही! 32 चा ड्रायव्हर 64 मध्ये चालत नाही. "प्रिंटर नसेल तर लोकांना काय हातानं लिहून देऊ?" पहिल्यांदा आवाज चढला हो सूनबाईचा. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. आणि त्यांचा पतपेढीच्या हिशोबाचा डॉसमधला प्रोग्राम, जीव की प्राण, तोही गेला. कारण 64 ची विंडोज 16-बिटचं काहीच चालवत नाही. शेवटी सासरे-सुनेत तह झाला. प्रिंटर सुनेला नवीन, पतपेढीचा हिशोब मास्तरांना एक्सेलमध्ये. मास्तरीणबाईंनी बांगडीच्या भिशीतले पैसे दिले म्हणतात, माझ्याकडून कुठं जाऊ देऊ नका.

झालं एकदाचं. काल संध्याकाळी पुन्हा राइट क्लिक, प्रॉपर्टीज. आठ जीबी, युजेबल जवळजवळ आठ. थोडी बोर्डावरच्या ग्राफिक्सनं ठेवून घेतली, तेवढं चालायचंच. पंधरा पानं उघडली क्रोममध्ये, मशीन हललं नाही. सूनबाईच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ना, लग्नातल्या फोटोतही नाही तसं.

मास्तर मात्र... आता ऐका, खरी मेख इथं आहे. मास्तर म्हणाले, "चला, आता दहा वर्षं चिंता नाही." आणि पोरीनं हळूच सांगितलं, "काका, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला." चेहरा पुन्हा जमिनीवर! नावनोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, बस. विंडोज 11 चढवावी तर ती मास्तरांच्या प्रोसेसरला उभंच करत नाही. इंटेल असेल तर आठव्या पिढीचा पाहिजे, शिवाय टीपीएम 2.0 नावाची चिप पाहिजे. आणि विंडोज 11 मध्ये 32-बिटचा प्रकारच नाही, म्हणजे हा सगळा वादच तिथं मिटतो. पोरगी म्हणाली, पुढं विंडोजऐवजी लिनक्स टाकू, त्यातलंच सीडॅकच्या चेन्नई केंद्रानं केलेलं बॉस आहेच, आपल्या भाषांसकट. सूनबाईनं तिथल्या तिथं विचारलं, "त्यात माझा नवा प्रिंटर चालेल ना?" शिकली हो ती!

आणि जाता जाता पोरगी एक वाक्य बोलली ते मात्र मला पटलं. म्हणाली, "आधी मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, फुकटातली 64-बिट आधी टाका, आहे ती चारची रॅम पुरते का बघा, आणि पैसे टाकायचेच तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला. मशीन चालू व्हायला जो वेळ लागतो तो रॅममुळे नाही, त्या डिस्कमुळे." जावयांना हे कुणी कळवलं नाही अजून. कळवणारही नाही, मास्तरीणबाईंनी सक्त ताकीद दिलीय.

हो हो, आले! ह्यांची हाक आली. अहो, पण तुमच्या मुलाचंही चाललंय ना रॅम घ्यायचं? मी ऐकलं, कुंपण काय, आवाज येतोच. त्याला म्हणावं, आधी तो राइट क्लिक कर आणि दोन ओळी वाच. कंसात युजेबल किती आहे आणि सिस्टिम टाइपपुढं 32 लिहिलंय की 64. मग बोर्डाचं नाव बघून तो किती घेतो ते बघ, आणि खाच जुळते का ते बघ. 32 लिहिलेलं असेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी पैसे खिशातच ठेव. आणि तोवर ही करवंदं इकडे द्या, अर्धी मी निवडते.